चौदा नंबरचा बाक

या, असे जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या. गोष्ट लांबची नाही, आमच्या फाटकासमोरचीच आहे, आणि ती सांगताना मला आवाज चढवायचा नाही. त्या प्रकरणात माझा पुढच्या दोन वर्षांचा आवाज चढवून झाला आहे. मी एक साधा लाकडी बाक केला, एवढंच. पण त्या बाकापायी वाहतूक खात्याच्या कचेरीत मला सात खेपा घालाव्या लागल्या, कुंपणाची मेंदी अर्धी गेली, घरात तीन दिवस अबोला झाला, आणि शेवटी... पण नको. शेवट आधी सांगितला तर तुम्ही उठून जाल. आयुष्यभर बुवांपुढे मांडी घालून बसलो, त्यातून एवढं तरी शिकलो आहे. चांगला बुवा शेवट पदरात घट्ट बांधून ठेवतो आणि टाळ वाजवत श्रोत्याला तीन तास झुलवतो. मी टाळ वाजवणार नाही, आणि तीन तासही घेणार नाही.

आमची वस्ती शहराबाहेर एका चढावर आहे. शहराचं दूध उतू गेलं आणि इकडे आलं. फक्त आमच्याकडचं दूध चढावर चढलं, हे आमचं वैशिष्ट्य. इथे कोणी नकाशा काढून घरं बांधली नाहीत. पायथ्याच्या पाण्याच्या टाकीच्या वरच्या अंगाला रस्त्याला एक मोठा वळसा आहे. नवीन माणसाला वाटतं, खाली खडक असेल. खडक नाही. एका घरमालकाने तिथे विटांचा ढीग टाकला होता, म्हणून जाणारे-येणारे बाजूने जाऊ लागले, आणि पुढे डांबर आलं ते त्या पायवाटेवरून. विटा कधीच भिंतीत गेल्या. वळसा आहे. आमच्या वस्तीतल्या पुष्कळ गोष्टींचं कारण असंच भिंतीत गेलेलं आहे.

या चढावरचं सगळ्यात पहिलं घर आक्काचं, अगदी माथ्यावर. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय वर्षे चौऱ्याहत्तर, तिच्या हिशेबाने साठीच्या आसपास. तिने घर बांधलं तेव्हा वर नुसतं गवत होतं आणि दिवसा कोल्हा दिसायचा. सगळ्या नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं. त्यांत मी होतो, कारण मी नेहमी बहुमताबरोबर असतो. मग तिच्या मागून विजेचा खांब आला, नळ आला, आणि सहा वर्षांनी, चढाच्या बरोबर मध्यावर, मी आलो. कोणाच्या घराचा पाया कोणत्या साली खणला आणि खणताना कोण कोणाशी भांडलं, हे सगळं आक्काला पाठ आहे. ती वस्तीतून गेली तर वस्तीचा जन्मदाखलाच गेला.

आणि ती जाण्याचीच वेळ आली होती.

झालं असं की आक्का रोज सकाळी पायथ्याशी टाकीपाशी उतरायची, बाजार करायची, वाचनालयात दोन वर्तमानपत्रं आणि चार माणसं वाचायची, आणि दुपारी पिशवी घेऊन चढ चढायची. गेल्या वर्षापासून ती आमच्या फाटकाशी आली की फाटकाचा गज धरून उभी राहू लागली. आत ये म्हटलं तर, "मी काय दमलेय? तुझं फाटक किती गंजलंय ते बघतेय." रोज दहा मिनिटं ती फाटकाचा गंज बघायची.

एकदा हे तिच्या मुलाने पाहिलं. माझा भाचा दुसऱ्या शहरात असतो, मोठ्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. सरळ, प्रेमळ आणि आईच्या काळजीने पोखरलेला मुलगा. त्याने मला बाजूला घेतलं.

"मामा, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून तुम्हालाच सांगतो. ज्या दिवशी आईला चढावर मध्येच बसावं लागेल, त्या दिवशी मला कळवायचं. मी येऊन तिला घेऊन जाणार."

"अरे, पण तिला विचारलंस का?"

"विचारलं. ती म्हणाली, ज्या दिवशी मध्येच बसेन त्या दिवशी खुशाल ने. शब्द दिलाय तिने."

आता बघा माझी अवस्था. बहीण उभी राहून कोसळली तरी बसणार नाही, आणि ती बसली तर मला भाच्याला सांगावं लागणार. मी देवाला म्हटलं, बाबा रे, यातून मार्ग काढ. देवाने माझ्या डोक्यात बाक घातला.

माझी कल्पना अशी, की फाटकाबाहेर एक लहानसा बाक ठेवायचा आणि तो स्वतःसाठी केला आहे असं सांगायचं. मी बसलो की सोबत म्हणून आक्का बसेल. सोबत म्हणून बसणं हे काही दमून बसणं नव्हे. मनाला थोडी टोचणी होती, पण ती मी सहन करण्याइतपत बारीक करून घेतली.

ही गोष्ट मी फक्त आमच्या हिला सांगितली, म्हणून ती वस्तीत सगळ्यांना कळायला संध्याकाळ लागली. शेजारी एक निवृत्त कोर्ट कारकून राहतात; त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात आणि त्यांनी ते कधी नाकारलेलं नाही. ते कुंपणावरून म्हणाले, "हे बघा, बाक कुंपणाच्या आत ठेवलात तर तुमचा. बाहेर ठेवलात तर सरकारचा. आणि बरोबर कुंपणावर ठेवलात तर कोर्टाचा. मी असतो तर ठेवलाच नसता."

"मग माणसाने बसायचं कुठे?"

"घरी," ते म्हणाले, आणि स्वतः आमच्या पायरीवर बसून त्यांनी आणखी पाऊण तास सल्ला दिला.

सुताराला मी दोन माणसांचा बाक सांगितला होता. त्याने आठ फुटांचा आणला.

"अहो, हा काय?"

"फळी आठ फुटांची होती," तो म्हणाला. "कापली असती तर तुकडा वाया गेला असता. चांगलं लाकूड आहे, माझ्याच्याने कापवेना."

लाकडाची इतकी माया असलेला सुतार मी दुसरा पाहिला नाही. बाक फाटक आणि खांब यांच्यामध्ये बसेना, म्हणून मेंदी कापली. मेंदी आमच्या हिने लावलेली होती. तो तीन दिवसांचा अबोला या ठिकाणचा.

आता रंग. समोरच्या घरात रंगारीकाका राहतात. चौतीस वर्षं त्यांनी बस डेपोत गाड्या आणि थांबे रंगवले. घराच्या मागे उरलेल्या रंगाचे डबे होते. ते म्हणाले, "रंगाची काळजी करू नका. तुम्ही जेवा आणि झोपा."

मी त्यांचं ऐकलं. दोन तासांनी उठून बाहेर आलो तर फाटकासमोर लालभडक बाक, त्याला बरोबर तीन इंचांचा पिवळा पट्टा, आणि पाठीच्या मध्यभागी पांढऱ्या गोलात काळ्या रंगाने काढलेला ठळक चौदा.

"काका, हे काय?"

काका ब्रश हातात धरून स्वतःही बघत उभे होते. "हात गेला हो," ते म्हणाले. "खाली टाकीचा थांबा तेरा नंबरचा. तो मीच रंगवलाय. लाल केला की पिवळा, पिवळा केला की गोल, आणि तेरानंतर..." त्यांनी हताशपणे चौदाकडे बोट दाखवलं.

"पुसा ना."

"ओल्यात पुसला तर माखेल. वाळू द्या."

वाळल्यावर तो इतका सुबक दिसू लागला की पुसायला त्यांचाही हात होईना आणि माझाही.

आता आमच्या बसचा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. शहरातून आलेली बस टाकीपाशी, तेरा नंबरला, सगळ्यांना उतरवते, कारण मार्ग तिथे संपतो. पण तिथे गाडी वळवायला जागा नाही. म्हणून ती पाच-दहा मिनिटं थांबून, रिकामी होऊन, अख्खा चढ चढते, माथ्यावरच्या मैदानात वळते आणि रिकामीच खाली येते. मार्ग ठरला तेव्हा वर आक्काचं एकटीचं घर होतं. पुढे तीनशे घरं झाली. कागदावर अजून गवतच होतं. चढावर घाम गाळणाऱ्या माणसाच्या शेजारून रिकामी बस हात हलवत वर जायची. हात आत बसलेला कंडक्टर हलवायचा, ओळखीने.

मूळ पदावर येतो. दुसऱ्या दिवशी मी बाकावर जाऊन बसलो. आक्का आली. बाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हे कोणासाठी?"

"माझ्यासाठी. अगं, गुडघे दुखतात हल्ली."

"तुझे? बघू." आणि माझा गुडघा तपासायला ती बाकावर बसली. पिशवी शेजारी ठेवली. गुडघा तिने दहा मिनिटं तपासला. त्यात माझा गुडघा फारसा आला नाही, पण तिचा श्वास जागेवर आला.

असे चार दिवस गेले. माझे गुडघे ठणठणीत होते. रोज खोटं बोलायचं, तेही बहिणीशी, हे मला सोसेना. चौथ्या दिवशी मी हात जोडून म्हटलं, देवा, खोटं तरी पदरात टाकू नकोस, थोडे गुडघे दुखव. देवाने ऐकलं. पाचव्या दिवशी बाकाचा एक पाय मातीत रुतला, तो मी उपटायला गेलो, आणि दोन्ही गुडघ्यांतून अशी कळ गेली की आजतागायत माझ्या बोलण्यात तिळमात्र खोटं नाही.

त्यामुळे सहाव्या दिवशी मी आत पाय शेकत होतो आणि आक्का बाहेर एकटीच बसली होती. खालून बस आली, नेहमीसारखी रिकामी. आक्का उठून उभी राहिली. आणि श्रोतेहो, बस थांबली.

मी खिडकीतून बघितलं. दार उघडलं. ड्रायव्हर, उंच, मिशीवाला, महिन्याभरापूर्वीच या मार्गावर आलेला, वाकून म्हणाला, "चला आजी, वर जायचं ना?"

"आजी कोणाला म्हणतोस?" आक्का म्हणाली आणि चढली.

माथ्यावर जाईपर्यंत ती खिडकीशी बसून प्रत्येक घराकडे बघत होती, असं कंडक्टर सांगतो. संध्याकाळपर्यंत तिने साऱ्या वस्तीला सांगितलं की बस आता चौदा नंबरला थांबते.

दुसऱ्या दिवशी जे घडलं ते फक्त आमच्याच वस्तीत घडू शकतं. शहरातून आलेली माणसं नियमाप्रमाणे टाकीपाशी बसमधून उतरली. उतरून, पिशव्या सावरत, अर्धा चढ धापा टाकत चढली. चौदा नंबरला येऊन रांगेत उभी राहिली. आणि पाच मिनिटांनी ज्या बसमधून उतरली होती तीच बस आल्यावर पुन्हा तिच्यात बसून उरलेला अर्धा चढ चढली. आत बसून राहायला काय हरकत होती, असं मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "अहो, तेराला सगळ्यांनी उतरायचा नियम आहे." नियम पाळण्याच्या बाबतीत आमची माणसं अर्धा चढ वर आहेत.

आठवड्यात बाक पुरेना. लोक आमच्या पायरीवर बसू लागले. दर दहा मिनिटांनी खिडकीशी कोणीतरी, "बस गेली का हो?" आमची ही आधी वैतागली. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाशेजारी वेळा लिहून ठेवल्या. मग वेळा चुकवल्याबद्दल कंडक्टरला ती जाब विचारू लागली. मला मात्र कसलाच मान उरला नाही. एका गृहस्थाने बस उशिरा आली म्हणून मला अर्धा तास झापलं. मी म्हटलं, "मी इथे राहतो." तो म्हणाला, "तेच म्हणतोय, इथे राहता आणि लक्ष नाही!"

मागोमाग एक चांभार आला आणि मेंदीच्या उरलेल्या सावलीत बसला. वर्तमानपत्रवाला आला. इस्त्रीवाल्याने खांबापलीकडे टेबल मांडलं. शहर असंच वाढत असावं. कोणीतरी दमतं, कोणीतरी बसायला देतं, मग चपला शिवणारा येतो.

रविवारी भाच्याचा फोन आला. "मामा, खरं सांगा. आई चढावर मध्ये बसते का?"

"बसते," मी म्हटलं. "बसची वाट बघत बसते. आमच्या फाटकाशी थांबा आहे."

"थांबा झाला? सरकारी?" त्याचा आवाजच उजळला. "मग तसं बसणं वेगळं. थांब्यावर सगळेच बसतात. पुढच्या महिनाअखेरीला येतो, बघतो."

फोन ठेवला आणि मी बाहेर जाऊन बाकासमोर उभा राहिलो. तो थांबा सरकारी कुठे होता? तो माझा होता आणि रंगारीकाकांच्या हाताचा होता. तो गेला असता तर उरला असता नुसता बाक, त्यावर दमून बसलेली आक्का, आणि तिने दिलेला शब्द.

आणि तो जाण्याच्या मार्गाला लागलाही होता. टाकीपाशी एक चहावाला आहे. पूर्वी बसमधून उतरलेली माणसं त्याच्याकडे घोटभर चहा घ्यायची. आता ती चौदा नंबर गाठायला पळत सुटू लागली. त्याने अर्ज ठोकला की चढावर बेकायदा थांबा आहे. खात्याकडून दोन कागद सुटले: एक मला, कचेरीत हजर होण्याचा, आणि दुसरा ड्रायव्हरला, नसलेल्या ठिकाणी गाडी का थांबवली याचा खुलासा करण्याचा.

वकीलसाहेब म्हणाले, "काही बोलू नका. बोललेलं अंगाशी येतं." पण मला खोटं झेपत नाही. मी कचेरीत गेलो आणि खिडकीवरच्या कारकुनाला पहिल्याच वाक्यात सांगितलं, "साहेब, चौदा नंबरचा थांबा नाहीच. तो बाक मी केलाय."

कारकुनाने रजिस्टर काढलं. अकरा, बारा, तेरा. पान उलटलं. पुढे कोरं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"चौदाची फाइल दिसत नाही," तो स्वतःशी पुटपुटला.

"नसणारच. थांबाच नाही."

"असं कसं? आमचा माणूस बघून आलाय. रंग खात्याचा आहे. पट्टा तीन इंचांचा, मापात. आकडा आमच्याच वळणाचा." तो माझ्याकडे झुकला. "गेल्या वर्षी कपाटं या खोलीतून त्या खोलीत नेली. तेव्हाच गेली असणार. तुम्ही कोणाला बोललात का?"

"अहो, मी सांगतोय ना, तो आमच्या काकांनी—"

"बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. तिथेही लाल बाक होता. पुढल्या खेपेला मी वरच्या कारकुनाला खरं सांगितलं. त्याने मला चहा पाजला आणि फाइल हरवल्याचं बाहेर सांगू नका म्हणाला. चौथ्या खेपेला मी लेखी कबुली दिली, दोन पानं, खाली सही. सहाव्या खेपेला ती परत मिळाली. वर शेरा होता: "थांबा क्रमांक चौदाविषयीचा अर्ज थांबा क्रमांक चौदाच्या फाइलला लावावा लागतो. फाइल सापडल्यावर यावे." मी जन्मात इतकं खरं बोललो नव्हतो आणि इतकं वाया गेलं नव्हतं.

सातव्या खेपेला कळलं की मोठे साहेब स्वतः येऊन पाहणी करणार आहेत, महिनाअखेरीला. म्हणजे भाचा येणार त्याच दिवशी. देवाला एका दगडात दोन पक्षी... जाऊ द्या, देवाला दगड म्हणू नये.

त्या आठवड्यात ड्रायव्हर एकदा माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. खुलाशाचा कागद त्याच्या खिशात दिसत होता. मी त्याचा हात धरला.

"माझ्या बाकाने तुम्ही फसलात. मला माफ करा."

तो हसला. "मामा, एकवीस वर्षं गाडी चालवतोय. तेरापुढे थांबा नाही हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

"मग थांबवलीत का?"

तो चढाकडे बघत राहिला. "रोज यांच्या शेजारून गाडी न्यायचो. मागे चाळीस सीटा मोकळ्या. आरशात बघायचो तर या पिशवी घेऊन फाटक धरून उभ्या. मध्येच थांबवली तर विचारणार, का थांबवलीस? मला थांबायला काहीतरी पाहिजे होतं. तुमच्या त्या काकांनी रंगवून ठेवलं."

"मग खुलाशात काय लिहिलंत?"

"थांबा दिसला म्हणून थांबलो." तो उठला. "तुम्ही मध्ये पडू नका हो. मला ओरडा खायची सवय आहे."

तो गेल्यावर मी चौदाच्या गोलावरची धूळ हाताने पुसली.

पाहणीचा दिवस उजाडला. दुपारी ऊन चांगलंच तापलं होतं. आक्का बाजार करून आली होती आणि बाकाच्या टोकाला बसली होती. बाकीचा बाक आणि आमची पायरी भरलेली. मी फाटकात उभा राहून नामस्मरण करत होतो, पण मध्येच अर्जाची भाषा येत होती.

इतक्यात विटांच्या वळशावरून दोन माणसं वर येताना दिसली. एकाच्या हातात मोजायची टेप आणि फाइल, दुसऱ्याच्या हातात भली मोठी सूटकेस. टेपवाले मोठे साहेब, आणि सूटकेसवाला माझा भाचा. दोघेही एकाच बसने आले होते आणि दोघेही नियमाने तेराला उतरले होते. साहेबांनी तर नियम स्वतःच लिहिला होता, मग ते तरी न उतरता कसे राहणार? दोघांचे चेहरे टोमॅटोसारखे झाले होते. भाच्याच्या शर्टाला घामाने नकाशा काढला होता. साहेब दर चार पावलांवर टेप लावून मोजल्यासारखं करत होते, म्हणजे उभं राहता येत होतं.

आक्काने त्यांना पाहिलं, पिशवी उचलली आणि उठून उभी राहिली. शेजारचा एक माणूसही उठला. साहेब आणि भाचा दोघेही येऊन बाकावर धाडकन पडले.

"पाणी आणा," आक्का म्हणाली. आमची ही तांब्या घेऊन धावली.

मला धीर निघेना. मी हात जोडून पुढे झालो. "साहेब, मी आधीही तीनदा सांगितलंय. हा थांबा—"

साहेबांनी हात वर केला. "दम घेऊ द्या हो." मग तोंड पुसून म्हणाले, "हा बाक कोणी ठेवला?"

"मी."

"कशाला?"

भाचा माझ्याकडे बघत होता. आक्का माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला लहानपणी कान पिळायच्या आधी दिसायचं तेच दिसत होतं. वकीलसाहेब कुंपणावरून मानेने नको नको म्हणत होते. पण इतकी वर्षं बुवांचं ऐकून ऐन वेळी खोटं बोलायचं, तर मग मांडी घालून गुडघे झिजवले कशाला?

"माझी ही बहीण चढताना दमते," मी म्हटलं. "तिला बसायला म्हणून ठेवला. नंबर चुकून पडला. थांबा नाही."

इस्त्रीवाल्याची इस्त्री तेवढी फुसफुसली.

साहेबांनी सावकाश मान वळवली. "दमणारच," ते म्हणाले. "मी दमलो. हा तरुण माणूस दमला." आणि मग त्यांनी वर बघितलं. "पण बाई, तुम्ही तर उभ्या आहात."

आक्का पिशवी घेऊन ताठ उभी होती. भाचा बाकावर होता, कॉलर उघडी, तांब्या तोंडाला. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि पुन्हा पाणी प्यायला लागला.

"बस रे बाळा, बस अजून थोडा वेळ," आक्का म्हणाली. "पुढल्या वेळी सामान कमी आण. आणि बसण्याबद्दल मी कोणाला कळवणार नाही."

तेवढ्यात खालून बस आली. ड्रायव्हरने साहेबांना ओळखलं. तरी गाडी थांबवली, दार उघडलं आणि समोर बघत बसला. लोक साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी उरलेल्या अर्ध्या चढाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मोजणी माथ्यापर्यंत करायची आहे," ते कोणालाच उद्देशून म्हणाले, आणि बसमध्ये चढले.

मग कोण मागे राहतं? आक्का खिडकीशी बसली. भाचा जागा नव्हती म्हणून उभा राहिला. आक्का बोटाने दाखवत साहेबांना सांगत होती, कोणतं घर कोणत्या साली झालं आणि पाया खणताना कोण कोणाशी भांडलं. साहेब लिहून घेत होते. त्यांच्या कागदावर पहिल्यांदाच गवताच्या जागी घरं आली.

भाचा दोन दिवस राहिला. निघताना माझ्याशेजारी बाकावर बसला. "मामा, माझ्याकडे लिफ्ट आहे," तो म्हणाला. "चढायचं काहीच नाही. पण तिकडे आई नुसती बसेल. इथे ती वाट बघत बसते. राहू दे तिला." आणि मग माझा गुडघा दाबून म्हणाला, "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मला ठरवता आलं."

पंधरा दिवसांनी हुकूम आला. बस माथ्यापर्यंत उतारूंसकट जाईल. मधला थांबा क्रमांक चौदा मंजूर. बाक आहे, छप्पर नाही, ते घालावे. कारकुनाने मला बोलावून नव्या फाइलवर हात ठेवला आणि डोळे मिचकावत म्हणाला, "बघा, सापडली." चहावाल्याचंही वाईट झालं नाही, त्याची दुसरी किटली आता माथ्यावर असते.

फक्त एक गोष्ट राहिली. हुकुमाची तारीख नंतरची, आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली ती आधीची. त्यामुळे त्याच्या नावावरचा ठपका काही पुसला गेला नाही, आणि हुकूम यायच्या आदल्या आठवड्यात त्याची बदली झाली. शहराच्या कुठल्या बाजूला, ते कचेरीत कोणी नीट सांगत नाही. नवा ड्रायव्हरही थांबतो. तो नियमाने थांबतो.

म्हणून तुम्हाला एवढंच मागणं. तुम्ही घरोघर जाल, कोणी कुठल्या मार्गावर राहत असाल. उंच, मिशीवाला, ब्रेक हळू दाबणारा ड्रायव्हर भेटला, तर त्याला निरोप द्या, आक्का घरी आहे. आणि नाही भेटला, तर देवापुढे हात जोडाल तेव्हा, आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की, शेवटी क्षणभर थांबून त्याचीही आठवण काढा.